सात घरांची भाटी

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं दाखवते, असं आमच्याकडे म्हणतात. मी राहते रत्नागिरीत, नाचणे रोडवर, ४२० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. घर एकच. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात जिन्याखाली मीटरच्या कोनाड्यात एक भाटी व्यायली. दुसऱ्याच दिवशी पाऊस कोसळला आणि कोनाड्यात पाणी शिरलं. मी तिला चार पिल्लांसकट टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात घालून वर आणलं. "दोन महिने, त्याहून एक दिवस जास्त नाही," असं सोसायटीच्या अध्यक्षांना सांगून टाकलं. "वहिनी, वासाची तक्रार आली नाही म्हणजे झालं," एवढंच ते म्हणाले.

खोका पलंगाच्या कडेला ठेवला होता. तिसऱ्या रात्री उठून बघते तर रिकामा. पिल्लं पलंगाखाली, जुन्या सुटकेसमागे. पुढच्या आठवड्यात ती लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, माझ्या आईच्या नऊवारीवर. मग वॉशिंग मशीनच्या मागे. मग शिवणयंत्राच्या पायट्याशी. मग देवघराखालच्या, तेलवाती ठेवायच्या कप्प्यात. दर वेळी तीच रीत. एकाची मानगूट दातांत धरायची, ते पाय पोटाशी दुमडून मुकाट लोंबकळायचं, ती त्याला नव्या जागी ठेवून पुन्हा मागे यायची. चार पिल्लं, चार खेपा. देवघरातून ती परत पहिल्या खोक्यात आली तेव्हा मी बोटं मोजली. तो खोका दुसऱ्यांदा धरला तर बरोबर सात.

एकाच जागी फार दिवस राहिलं की वास साचतो, पिसवा होतात, आणि त्या वासावर बोका येतो. परका बोका लहान पिल्लं मारतो. शिवाय पिल्लं तीन-चार आठवड्यांची होऊन हलू लागली की तिला मोकळी जागा हवी असते. ही कारणं आता पुस्तकात सापडतात. आमच्या आजीला ती पुस्तकाशिवाय ठाऊक होती, आणि तिच्या यादीत सापही होते.

माझं माहेर पूर्णगडचं, मुचकुंदीच्या खाडीकाठचं. घर चिऱ्याचं, वर कौलं. माजघरात भाताच्या कणग्या, आणि त्यावर माळा. माळ्यावर पेंढा, शेणी, फणसपोळीचे डबे आणि कुणाला नको असलेले सगळे टोप. मेच्या शेवटी शाकारणीला गडी वर चढला की एखाद्या वर्षी हमखास ओरडायचा, "वयनी, माल्यावर पिल्ला हायत!" आजी खालूनच सांगायची, "तेवढं पाखं मागनं कर." मग बाकी सगळं छप्पर परतून व्हायचं आणि ते एक पाखं आभाळ भरून येईपर्यंत तसंच राहायचं. गड्याची मजुरी एका दिवसाने वाढायची. आजोबा कुरकुरायचे, पण 'पिल्लं उचलून टाक' असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आमच्याकडे तिला मनी म्हणायचे, शेजारच्या भंडाऱ्यांकडे भाटी, आणि खाली मोहल्ल्यातल्या खालांकडे नुसतंच माजर. ती तीन घरी जेवायची आणि चौथ्या घरी व्यायची. "हे मांजर आमचं" असं वाडीत कुणी म्हणत नसे. म्हणायचे, "यंदा मांजर आमच्याकडे व्यायलंय." मालकी नाही, पाळी. जावई दोन दिवस राहून जावा तसा मुक्काम. आज ज्याला सगळे फोस्टरिंग म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं, कारण ते कुणा एकाचं काम नव्हतं.

ही रीत आली कुठून? मुळात धान्यातून. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, त्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळचं मांजर नव्हतं, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलेलं. शेती आली, कोठार आलं, उंदीर आले, त्यांच्यामागून मांजर आलं. जगभर हे असंच झालं. पण कोकणात एकेका दाण्याला जास्त किंमत होती. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जे चित्र आहे ते माझ्या आजीच्या बोलण्यातही होतं: जमीन डोंगराळ, पिकेल ते वर्षभर पुरत नाही, आणि घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर पलटणीत. चार महिने पावसात बंदर बंद. आषाढात कणगीला उंदराने भोक पाडलं तर भात आणायचं कुठून? त्या कणगीची राखण मांजराकडे होती आणि तिचा पगार म्हणजे करवंटीतला मूठभर भात आणि माशाचं डोकं.

त्यात छपरं बदलली. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी लाल कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने गलबतांतून वर आली. ज्यांना परवडलं त्यांच्या घरावर गवताच्या जागी कौल बसलं. कौलाखाली कोरडा, उबदार माळा. मांजराला याहून चांगलं बाळंतघर मिळणार नव्हतं. एखादं कौल सरकवून आत शिरायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती.

उपयोग होताच, पण नुसत्या उपयोगावर रीत टिकत नाही, तिला भीतीचं कुंपण लागतं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितलेलं आहे. लोकांनी ते वाचलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की मांजर मेलं हातून तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. सोन्याचं मांजर परवडणारा माणूस आमच्या वाडीत नव्हता, म्हणून मांजरं जगली. बंगालात षष्ठीदेवीचं वाहन मांजर; आपल्याकडे बाळाच्या सहाव्या रात्री येणारी सटवाई तिचीच बहीण म्हणायची. खालांकडे वेगळी गोष्ट होती. पैगंबरांच्या एका सोबत्याचं नाव अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप. त्याच्या नावाने त्या मनीला माशाचा तुकडा जास्त टाकायच्या. आणि आमचे कीर्तनकार मार्जारकिशोर न्याय सांगायचे: माकडाचं पिल्लू आईला आपण घट्ट धरतं, मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला उचलते, भक्ताने तसं व्हावं. वैष्णवांत यावरून दक्षिणेत दोन पंथ पडले. माझ्या खोलीत मानगुटीला लोंबकळणारं पिल्लू पाहताना मला तो न्याय पहिल्यांदा पटला. ते खरंच काही करत नव्हतं.

मांजराचा भाव सगळ्यात वधारला तो प्लेगात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला आणि गिरण्यांतले चाकरमानी गावाकडे पळाले. आजीची सासू सांगायची ते आजीकडून माझ्यापर्यंत आलं: घरात उंदीर पडला की घर सोडायचं, रानातल्या मांगरात जाऊन राहायचं. उंदरावरच्या पिसवांतून रोग येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली मांडलं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. मग १९०८ साली अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की ज्या गावांत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, तेव्हा लोकांनी मांजर पाळावं. मांजरालाही प्लेग होतो हे आज पक्कं माहीत आहे, त्यामुळे तो उपाय पूर्ण नव्हता. पण एका गोऱ्या डॉक्टरने वऱ्हाडातली खेडी पाहून जे मांडलं, त्याचं अर्धं शहाणपण आमच्या माळ्यावर आधीच नांदत होतं.

मुंबईत प्राण्यांसाठी संस्था निघाल्या. पांजरपोळ १८३४ चा, परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ चं. आमच्याकडे संस्था नव्हती, पडवी होती.

पडवी सगळी गोड नव्हती, हेही लिहायला हवं. पिल्लं फार झाली की कुणीतरी ती पोत्यात घालून तरीतून खाडीपलीकडे सोडून यायचं. ते काम पुरुष करायचे आणि संध्याकाळी त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. चारातलं एखादं जगायचं. बाकीची बोक्याने, सापाने, पावसाने नेली. भाटी मात्र दर वर्षी दोनदा-तीनदा व्यायची. मांजर मारायचं नाही, हा नियम वाडीने पाळला. मांजर जगवायचं, हा नियम कुणी केलाच नव्हता.

कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली. त्यानंतर नाचणे रोडच्या आंबा-काजूच्या जागी इमारती उभ्या राहिल्या त्या माझ्या डोळ्यांदेखत. स्लॅब आला, माळा गेला. कणगी गेली, पाच किलोची तांदळाची पिशवी आली. दाराला लॅच, खिडकीला जाळी. मांजराची गरज संपली आणि वाटही. मांजर मात्र सातच घरं मागतं. वाडी जे सात घरांत वाटून घेत होती ते आता एकाच दाराआड एका माणसाला करावं लागतं. जुन्या रीतीत आणि माझ्या दोन महिन्यांत फरक असेल तर तो एवढाच.

एका माणसाने करायचं म्हटल्यावर हिशोब आला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी चौघांची वजनं. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढावं लागतं. तिसरं, करड्या शेपटीचं, दोन दिवस तिथल्या तिथेच राहिलं, तेव्हा बाकीच्या तिघांना बाजूला धरून त्याला एकट्याला आधी आचळाला लावलं. चौथ्या दिवशी काटा हलला. दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडले. घाणीसाठी वखारीतला लाकडाचा भुसा, परातीत. शेजारच्या काकू प्रेमाने गाईचं दूध घेऊन आल्या. ते मी चहात घातलं, कारण गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते. आईला मात्र पोटभर मासे. चौथ्या आठवड्यापासून मिरकरवाड्यातून आणलेली मांदेली, बिनमिठाची उकडून, काटे काढून, भातात कुस्करून. मासेवाली म्हणाली, "ताई, पावणे आलेत जणू." मी म्हटलं, "आलेतच."

आठ आठवडे होईपर्यंत एकही पिल्लू दिलं नाही. मग एक मिरकरवाड्यात गेलं, जाळी ठेवायच्या खोपीत. उंदीर जाळी कुरतडतात, तेव्हा तिथे आजही कणगीइतकीच किंमत आहे. एक पावसजवळच्या आंबाबागेतल्या मांगरात. एक कॉलेजातल्या मुलीच्या घरी. करड्या शेपटीचं पूर्णगडला, माझ्या भावाकडे. त्याने स्लॅब घातलाय, पण मागची पडवी ठेवलीय. पिल्लांचं दूध सुटल्यावर भाटीचं ऑपरेशन केलं. जनावरांच्या डॉक्टरांनी खूण म्हणून तिच्या कानाचं टोक कापलं. ती आता पुन्हा जिन्यात असते आणि तीन मजल्यांवर जेवते. दुसऱ्या मजल्यावर तिचं नाव किटी आहे.

वाडीला जमलं नाही ते हे ऑपरेशन. खाडीपलीकडच्या पोत्याला दुसरा उपाय माणसाच्या हातात आज पहिल्यांदा आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. पावसाळ्याच्या तोंडी जिन्यात, पार्किंगमध्ये, एखाद्या गाडीखाली एकटं पिल्लू ओरडताना दिसेल. ते लगेच उचलून घरी नेऊ नका. धोक्यात किंवा भिजत असेल तर जवळच आडोशाला सरकवा, आणि दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवा. आई एका वेळी एकच नेते. बहुतेक वेळा ते पोरकं नसतं, त्याचं घर बदलणं चालू असतं.