शोभा, वेग आणि अधिकार : विद्यार्थिनींच्या नौकानयन-संघांचा इतिहास

क्रीडेचा इतिहास सामान्यतः जयापजयाच्या नोंदींवरून लिहिला जातो. कोण जिंकले, किती अंतराने जिंकले आणि किती वेळ लागला, एवढे हाती आले की परंपरेचा आलेख काढता येतो. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्यातील पुरुषांची नौकाशर्यत १८२९ साली प्रथम झाली. हार्वर्ड व येल यांच्यातील १८५२ सालची नौकाशर्यत ही अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा मानली जाते. या दोन्ही परंपरांचे वृत्त वरील पद्धतीने सहज सांगता येते. विद्यार्थिनींच्या नौकानयन-संघांच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते. कोण जिंकले याच्या आधी, मोजले काय गेले, असा प्रश्न येथे विचारावा लागतो. प्रारंभी त्यांच्या वल्हविण्याची शोभा पाहिली गेली. पुढे त्यांचा वेग मोजला जाऊ लागला. आणि त्यानंतर, संस्थेने आपल्याला काय दिले आहे याचे मोजमाप त्यांनी स्वतःच मांडले. मापांच्या या बदलात विद्यापीठांनी स्त्रीला कोणत्या अटींवर आपले मानले, त्याचा इतिहास सामावलेला आहे.

या खेळाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेणे अवश्य आहे. आठ वल्ह्यांची शर्यतीची बोट सुमारे १७ ते १८ मीटर लांब आणि अतिशय अरुंद असते. प्रत्येकीच्या हाती एकच वल्हे असते. आसन मागेपुढे सरकते, आणि वल्ह्याला मिळणारे बळ हातांपेक्षा पायांतून अधिक येते. ज्या दिशेने बोट जाते तिकडे आठही जणींची पाठ असते. पुढचे पाहते ती केवळ नववी, सुकाणू सांभाळणारी कॉक्स. आठांपैकी एकीचे वल्हे क्षणभर आधी वा नंतर पाण्यात पडले, तर बोट कलते आणि उरलेल्या सातजणींचे श्रम वाया जातात. म्हणून या खेळात एकीचे कौशल्य वेगळे काढून दाखविता येत नाही. आठ वल्ही एकाच वेळी पाण्यात शिरतात आणि एकाच वेळी बाहेर येतात, तेव्हा ते दृश्य सुंदर दिसते. आणि त्याच ऐक्यामुळे बोट वेगानेही जाते. काठावरच्या प्रेक्षकाने त्यातले काय पाहावे हे खेळ ठरवीत नाही. ते समाज ठरवितो.

मॅसॅच्युसेट्समधील वेलस्ली महाविद्यालय १८७५ साली सुरू झाले. संस्थापक हेन्‍री ड्युरंट यांचा स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणावर विश्वास होता, आणि महाविद्यालयाला लागूनच वेबन सरोवर होते. पहिल्या काही वर्षांतच तेथे विद्यार्थिनींसाठी बोटी आल्या. त्या रुंद व जड होत्या. शर्यतीसाठी त्या बांधलेल्याच नव्हत्या. प्रारंभीच्या संघांत निवड होताना गाण्याच्या आवाजाला महत्त्व असे, असे त्या महाविद्यालयाच्या परंपरेत सांगितले जाते. सरोवरावर सायंकाळी बोटी एकत्र येत, विद्यार्थिनी गात आणि काठावर श्रोते जमत. ‘फ्लोट’ या नावाने हा समारंभ प्रसिद्ध झाला. येथे बोट हे गतीचे साधन नव्हते. ते एक तरंगते व्यासपीठ होते.

या व्यासपीठाला व्यायामाचे रूप देण्याचे श्रेय बव्हंशी ल्युसिल ईटन हिल यांच्याकडे जाते. १८८२ पासून पुढे सुमारे पाव शतक त्या वेलस्लीच्या शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख होत्या, आणि स्त्रियांच्या मैदानी खेळांवरील एका ग्रंथाचे संपादनही त्यांनी १९०३ साली केले. त्यांच्या काळात संघांना पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. परंतु गुण देण्याचे माप राहिले ते ‘फॉर्म’चे, म्हणजे शरीराची ठेवण आणि हालचालींचा मेळ यांचे. चुरशीने स्त्रीच्या देहावर व स्वभावावर अनिष्ट परिणाम होतो, हे त्या काळातील वैद्यकाचे व शिक्षणशास्त्राचे बहुमान्य मत होते. ते मत आज टिकणारे नसले, तरी त्याने घातलेल्या मर्यादेत राहूनच विद्यार्थिनींना पाण्यावर जाता आले, हेही तितकेच खरे. शोभेचे माप हे एकाच वेळी बंधन आणि परवाना होते.

इंग्लंडमध्ये या मापाला एक लक्षणीय अपवाद आढळतो, आणि तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या व्यक्तीच्या हातून घडला. ‘अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी’चे संस्थापक आणि ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या पहिल्या सूत्रधारांपैकी एक असलेले फ्रेडरिक फर्निव्हल हे आजन्म वल्ह्याचे भक्त होते. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १८९६ साली, त्यांनी लंडनमधील हॅमरस्मिथ येथे केवळ मुलींसाठी नौकानयन-मंडळ स्थापन केले. त्यातील अनेक मुली चहाच्या दुकानांत व तत्सम ठिकाणी नोकरी करणाऱ्या होत्या. पुरुषांना या मंडळात प्रवेश मिळाला तो १९०१ साली. विद्यापीठाच्या भिंतींबाहेरच्या या मुलींना शालीनतेची परीक्षा देण्याचे कारण नव्हते. यावरून असे दिसते की, शोभेची अट खेळाच्या प्रकृतीतून आलेली नव्हती. ती प्रतिष्ठित संस्थेने आपल्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी घातलेली होती.

विद्यापीठांतील स्थिती १९२७ सालच्या प्रसंगावरून स्पष्ट होते. त्या वर्षी १५ मार्च रोजी ऑक्सफर्ड येथे आयसिस नदीवर, म्हणजे टेम्सच्या तेथील पात्रात, ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्या विद्यार्थिनींचे संघ प्रथमच एकमेकांविरुद्ध उतरले. केंब्रिजचा संघ न्यूनम महाविद्यालयाचा होता. अंतर अर्ध्या मैलाचे होते. परंतु दोन्ही बोटींना एकाच वेळी पाण्यावर येण्याची मुभा नव्हती. प्रत्येक संघाने स्वतंत्रपणे वल्हवावे, परीक्षकांनी स्थैर्य, लय आणि सफाई पाहावी, आणि वेळेची नोंद निराळी घ्यावी, अशी व्यवस्था होती. शैलीत कोण सरस हे परीक्षकांना ठरविता आले नाही. अखेर निकाल लागला तो घड्याळावर, आणि ऑक्सफर्डचा संघ १५ सेकंदांनी विजयी ठरला. काठावर जमलेल्या गर्दीत विरोधकांची संख्या मोठी होती. ज्या मापासाठी एवढा खटाटोप केला, त्याने निर्णय दिला नाही; जे माप दुय्यम ठेवले होते, त्यानेच तो दिला. ही घटना आकस्मिक असेल. परंतु शैली हा मताचा विषय आहे आणि वेळ हा नोंदीचा, हा भेद तिने उघड केला. ज्याला दुसऱ्याच्या मतावर अवलंबून राहावे लागते, त्याला नोंदीचा आधार किती मोलाचा असतो, हे निराळे सांगावयास नको.

दोन्ही बोटी शेजारीशेजारी धावण्याचा प्रसंग यावयास १९३५ साल उजाडावे लागले. त्यानंतरही परंपरा अखंड राहिली नाही. १९५२ नंतर पैशाअभावी ही शर्यत बंद पडली आणि १९६४ साली पुन्हा सुरू झाली. याच काळात पुरुषांची शर्यत लंडनमध्ये लाखो प्रेक्षकांसमोर होत होती. विरोध ओसरला तरी साधनांची विषमता कायम राहते, हे या खंडावरून ध्यानात येते.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रातही प्रवेश असाच टप्प्याटप्प्याने झाला. स्त्रियांची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९५४ साली सुरू झाली. जागतिक स्पर्धेत त्यांचा समावेश १९७४ साली झाला. आणि ऑलिंपिकमध्ये त्या प्रथम उतरल्या त्या १९७६ साली, माँट्रियल येथे. पुरुषांसाठी अंतर २००० मीटर होते, तर स्त्रियांसाठी १००० मीटर. हा भेद ऑलिंपिकमधून नाहीसा झाला तो १९८८ साली, सोल येथे. वेगाचे माप मान्य झाल्यावरही अंतराचे माप निम्मेच ठेवलेले होते.

माँट्रियलच्या त्याच वर्षी तिसरे माप पुढे आले. येल विद्यापीठाने पदवीपूर्व वर्गांत स्त्रियांना प्रवेश दिला तो १९६९ साली. पाठोपाठ विद्यार्थिनींचा नौकानयन-संघ उभा राहिला. सरावाचे ठिकाण विद्यापीठापासून दूर, डर्बी येथे हूसटॉनिक नदीवर होते. तेथील बोटघरात स्नानाची व कपडे बदलण्याची सोय होती. पण ती पुरुषांपुरती. हिवाळ्यात सराव संपला की विद्यार्थिनी भिजलेल्या कपड्यांनिशी बसमध्ये बसून राहत, आणि पुरुषांचे गरम पाण्याचे स्नान आटोपले की बस परत निघे. हा अवधी सुमारे अर्ध्या तासाचा असे. अंगावरचे पाणी थंडीने गोठत असे आणि संघातील कित्येकजणी आजारी पडत.

१९७२ साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ हे कलम संमत झाले होते. केंद्रीय अर्थसाह्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगभेदावरून कोणास वगळता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे, आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. त्या वाक्यात गरम पाणी येते काय, हे कोणीतरी वाचून दाखविल्यावाचून ठरणार नव्हते.

ते वाचन ३ मार्च १९७६ रोजी झाले. संघाची कर्णधार क्रिस अर्न्स्ट हिच्यासह १९ विद्यार्थिनी स्त्रियांच्या क्रीडा-विभागाच्या प्रमुख जोनी बार्नेट यांच्या कार्यालयात गेल्या. त्यांच्यासोबत एक छायाचित्रकार आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला बातम्या पाठविणारा एक विद्यार्थी होता. सर्वजणींनी अंगावरचे कपडे उतरविले. त्यांच्या उघड्या पाठींवर व छातीवर ‘टायटल नाइन’ ही अक्षरे लिहिलेली होती. त्या स्थितीत अर्न्स्टने निवेदन वाचले. त्याचा आशय असा होता की, विद्यापीठ ज्या देहांचे श्रम वापरून घेते ते देह हेच आहेत. याच त्वचेवर बर्फ गोठतो, आणि त्यांना कोणतेही संरक्षण नाही. निवेदन संपताच त्या कपडे घालून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि तेथून ती देशोदेशी पोहोचली. पुढच्या काळात बोटघरात स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय बांधली गेली. अर्न्स्ट व तिची सहकारी अ‍ॅन वॉर्नर या दोघी त्याच उन्हाळ्यात माँट्रियल ऑलिंपिकसाठी निवडल्या गेल्या, आणि आठ वल्ह्यांच्या बोटीत वॉर्नरला कांस्यपदक मिळाले.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा त्यातील धाडसासाठी केले जाते. ऐतिहासिक दृष्ट्या त्यातील आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. स्त्रीचा देह हाच शतकभर या खेळातील वादाचा विषय होता. वैद्यांनी त्याची नाजुकता सांगितली, परीक्षकांनी त्याची ठेवण पाहिली, प्रेक्षकांनी त्याच्या पोशाखाची चर्चा केली. येलच्या विद्यार्थिनींनी तोच देह पुरावा म्हणून समोर ठेवला, आणि पाहणाऱ्यांना त्याच्या शोभेऐवजी त्याला सोसाव्या लागणाऱ्या थंडीकडे पाहावयास लावले. हे एकटीने साधण्यासारखे नव्हते. एकमेकींची पाठ पाहत, एका तालावर हालचाल करण्याची सवय झालेल्या १९ जणी एका खोलीत एकाच क्षणी एक कृती करतात, यात त्यांच्या रोजच्या सरावाचा वाटा नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

पुढील अर्धशतकात वाढ मोठी झाली. अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने स्त्रियांच्या रोइंगची अजिंक्यपद स्पर्धा १९९७ साली सुरू केली. पुरुषांच्या रोइंगसाठी त्या संघटनेने अशी स्पर्धा ठेवलेली नाही. या वाढीमागे न्यायबुद्धीबरोबर गणितही होते. विद्यार्थिनींच्या एकूण प्रमाणात त्यांचा खेळांतील वाटा असावा, हा टायटल नाइनच्या पालनाचा एक निकष आहे. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळाडूंची संख्या फार मोठी असते. तिचा तोल साधण्यासाठी संस्थांना असा खेळ हवा होता ज्यात पुष्कळ विद्यार्थिनी सामावतील. एका बोटीत नऊजणींना घेणारी रोइंग त्यास अनुकूल ठरली. त्यामुळे पूर्वी कधी वल्हे न धरलेल्या कित्येक मुलींना विद्यापीठात आल्यावर हा खेळ शिकण्याची संधी मिळाली. परंतु त्याच व्यवस्थेत खेळाडू ही केवळ पटावरची संख्या होऊन बसण्याचा धोकाही आहे. शोभेच्या काळी ती दृश्य होती. संख्येच्या काळी ती आकडा होऊ शकते.

ऑक्सफर्ड-केंब्रिज परंपरेत समतेचा टप्पा ११ एप्रिल २०१५ रोजी गाठला गेला. त्या दिवशी स्त्रियांची शर्यत प्रथमच पुरुषांच्या शर्यतीच्याच दिवशी, लंडनमधील टेम्सच्या त्याच पात्रात, त्याच सुमारे ६.८ किलोमीटर अंतरावर झाली, आणि ऑक्सफर्डने ती जिंकली. १८२९ पासून मोजल्यास हे अंतर १८६ वर्षांचे भरते. १९२७ पासून मोजल्यास ८८ वर्षांचे.

या सर्व विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. विद्यार्थिनींना नदीवर जाऊ देणे हा या इतिहासाचा केवळ आरंभ होता. वेलस्लीच्या मुली बोटीत होत्या, १९२७ च्या मुली बोटीत होत्या, आणि डर्बीच्या मुलीही बोटीतच होत्या. संघाची सभासद होणे आणि संस्थेची सभासद होणे, या दोहोंमधील अंतर कापावयास त्यांना अधिक काळ लागला. ते अंतर कोणत्याही शर्यतीच्या नोंदवहीत सापडत नाही. ते बोटघराच्या नकाशात, अंदाजपत्रकाच्या रकान्यांत आणि परीक्षकांच्या शब्दांत शोधावे लागते. आणि क्रीडेच्या इतिहासकाराने आपली साधने तेथवर नेली पाहिजेत.