पुसलेली राणी आणि समतोलाचे तत्त्व

दृश्यकलेचे 'घटक' आणि 'तत्त्वे' यांची जी यादी महाराष्ट्रात ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रापासून कलामहाविद्यालयाच्या अभ्यासक्रमापर्यंत शिकवली जाते, ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास आहे याचा आपल्याला विसर पडतो. रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे घटक आणि समतोल, लय, संवाद, विरोध, प्रमाण, प्राबल्य ही तत्त्वे, अशी ही मांडणी आहे. जणू भाषेला व्याकरण असावे तसे चित्राला हे व्याकरण आहे, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः तिचे आजचे रूप फार जुने नाही. आर्थर वेस्ली डाऊ या अमेरिकन कलाशिक्षकाने १८९९ मध्ये 'कॉम्पोझिशन' या ग्रंथात रेषा, छायाप्रकाशाची मांडणी आणि रंग हे तीन घटक कल्पून रचनेची तत्त्वे सांगितली; १९०९ मध्ये रॉजर फ्राय याने आपल्या सौंदर्यविषयक निबंधात रेषेची लय, घनता, अवकाश, छायाप्रकाश आणि रंग यांची भावनोद्दीपक मूल्ये विशद केली. आपल्याकडे कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेत यशोधराने चित्राची षडंगे नोंदवली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. या दोन याद्यांतील फरक लक्षणीय आहे. षडंगांत भाव आणि सादृश्य आहेत, म्हणजे चित्राबाहेरील जगाशी असलेला संबंध चित्राच्या अंगांतच मोजलेला आहे. आधुनिक यादीने तो बाहेर ठेवला.

मराठी समीक्षेला ही दुसरी भूमिका परिचित झाली ती मुख्यतः बा. सी. मर्ढेकर यांच्यामुळे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील त्यांची लयविषयक मांडणी संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांवर उभी आहे. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या माध्यमातील घटकांच्या परस्परसंबंधांत असते, तिच्यात कोणाचे चित्रण आहे यात नव्हे, हा त्या मांडणीचा गाभा. या भूमिकेवरील आक्षेपही तितकेच परिचित आहेत. आकृतिबंधाकडे पाहणारा वाचक इतिहासाकडे पाठ फिरवतो, हा त्यांतील सर्वांत प्रबळ आक्षेप होय. तो सरसकट खरा आहे काय, हे एका चित्रमालिकेच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही चित्रमालिका अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची आहे.

'तारीफ-इ-हुसेनशाही' हे आफताबी या कवीचे फारसी काव्य. पहिला हुसेन निजामशाह (कारकीर्द १५५३–१५६५) याची ही स्तुती आहे. तिचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असून माटे आणि कुलकर्णी यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. दख्खनी चित्रशैलीच्या अगदी आरंभीच्या ज्ञात कृतींत या हस्तलिखिताची गणना होते. त्यातील १२ चित्रे आज उपलब्ध आहेत. काहींत जानेवारी १५६५ मधील तालिकोटच्या लढाईचे प्रसंग आहेत. उरलेल्यांत विवाह, दरबार आणि अंतःपुर यांचे चित्रण आहे. लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेनशाह मरण पावला. गादीवर आलेला मुर्तजा अल्पवयीन असल्याने राज्याची सूत्रे त्याची आई खुंजा हुमायून हिच्या हाती गेली. चांदबीबी ही तिचीच मुलगी. १५६९ च्या सुमारास मुर्तजाने आईला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले.

या चित्रांची भाषा मिश्र आहे. वर चढत गेलेली वर्तुळाकार क्षितिजरेषा आणि सोनेरी आकाश हे इराणी वळण. चोळी आणि गोंडे लावलेल्या लांब वेण्या हा माळव्याकडील मोगलपूर्व चित्रपरंपरेचा वारसा. अंगाभोवती गुंडाळलेले लांब उपरणे दक्षिणेकडचे. रंग तेजस्वी आणि सपाट आहेत. उंच क्षितिजामुळे खोलीचा आभास जवळजवळ नाहीसा होतो आणि आकृतींचे महत्त्व ठरते ते पृष्ठभागावरील त्यांच्या स्थानाने. म्हणजेच येथे अवकाश हा घटक निव्वळ पार्श्वभूमी नाही. कोण कोठे बसले आहे हे सांगणारी ती व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत एक विलक्षण घटना घडली आहे. दरबारी चित्रांत राजाशेजारी बसलेली राणीची आकृती मागाहून मिटवण्यात आली. हे केव्हा घडले याचा निर्देश हस्तलिखितात नाही. परंतु राणीच्या पाडावानंतर, म्हणजे १५६९ नंतर हे झाले असावे, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. राजाचे काव्य राखावयाचे आणि राणीची स्मृती मात्र पुसावयाची, असा हा व्यवहार आहे.

तो यशस्वी झाला काय? चित्राचे उत्तर नकारार्थी आहे. दोन व्यक्तींसाठी योजिलेल्या सिंहासनावर एकच व्यक्ती उरली की उरलेली जागा 'रिकामी' होत नाही, ती 'रिकामी केलेली' दिसते. राजाची आकृती एका बाजूला आहे. तिच्या भाराला तोलून धरणारा दुसरा भार रचनेच्या आराखड्यात अभिप्रेत आहे, पण तो दृश्यातून काढून घेतला आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर समतोललयीचा एक पक्ष नाहीसा झाला आहे आणि दुसरा पक्ष त्याची साक्ष देत उभा आहे. पुसणाऱ्याला आकृती पुसता आली, तिने चित्रात निर्माण केलेले संबंध पुसता आले नाहीत. ते पुसावयाचे तर संपूर्ण चित्र नव्याने रचावे लागले असते.

या मालिकेतील आणखी एक चित्र या संदर्भात विचारात घ्यावयास हवे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरते, हा दोहदाचा संकेत त्यात रंगवला आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अशोकाच्या निमित्ताने तो येतो आणि मराठीतील 'डोहाळा' हा शब्दही याच 'दोहद'पासून आलेला आहे. फारसी स्तुतिकाव्यात हा संस्कृत कविसंकेत यावा, हे निजामशाही दरबाराच्या संमिश्र संस्कृतीला साजेसेच होय. या चित्रातील स्त्री मात्र शाबूत राहिली आहे. ती का वाचली? येथे एक तर्क करता येतो. या चित्रांतील स्त्रियांचे चेहरे व्यक्तिचित्रे नाहीत. एकाच नमुन्याच्या त्या आवृत्ती आहेत. षडंगांच्या भाषेत, व्यक्तीपुरता रूपभेद येथे साधलेला नाही आणि सादृश्याचाही आग्रह नाही. मग पुसणाऱ्याने राणी ओळखली कशी? चेहऱ्यावरून नव्हे, तर स्थानावरून, म्हणजे राजाशेजारी आसनावर असण्यावरून. दोहदाच्या चित्रात राजा नाही, सिंहासन नाही, म्हणून 'राणीचे स्थान'ही नाही. तेथील स्त्री राणी असली तरी रचना तिला राणी म्हणून घोषित करीत नाही. हा तर्क ग्राह्य धरला, तर पुसणारा हात हाही रचनेचा जाणकार वाचक ठरतो. प्राबल्याचे तत्त्व त्याला नेमके कळत होते. त्याने आघात केला तो त्याच बिंदूवर.

अर्थात येथे आकृतिवादाचा संपूर्ण विजय झाला, असे म्हणणे घाईचे होईल. समतोल बिघडला आहे एवढेच रचना सांगते. तेथे खुंजा हुमायून होती आणि मुलाने तिला कैद केले, हे रचना सांगू शकत नाही. त्यासाठी बखरी, तवारिखा आणि हस्तलिखितातील मजकूर यांच्याकडेच जावे लागते. उलटपक्षी, केवळ तवारिखा वाचणाऱ्याला हे कळणार नाही की सत्तेतून राणीची हकालपट्टी झाल्यावरही चित्राच्या अवकाशात तिचा भार शिल्लक राहिला. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. त्या प्रतिपादनाचे एक मूर्त उदाहरण म्हणून या चित्रांकडे पाहता येईल. येथे एक ध्रुव दुसऱ्याला नाकारीत नाही, तर त्याच्यावाचून अपुरा राहतो.

यातून अध्यापनासाठी आणि समीक्षेसाठी एक निष्कर्ष निघतो. समतोल, विरोध, प्राबल्य ही तत्त्वे आपण चांगल्या रचनेच्या कसोट्या म्हणून शिकवतो. त्या कसोटीवर दरबारातील ही मोडलेली चित्रे सदोष ठरतील आणि अभ्यासक पुढे जाईल. परंतु हीच तत्त्वे गुणनिर्णयाऐवजी शोधाची साधने म्हणून वापरली, तर जेथे तोल ढळला आहे तेथे कोणी काय काढून घेतले, हा प्रश्न उपस्थित होतो. हाच प्रश्न साहित्यकृतीच्या पाठचिकित्सेतही विचारता येतो. गळलेली ओवी, प्रक्षिप्त कडवे किंवा मध्येच थांबलेली कथा यांचा पहिला पुरावा बहुधा रचनेतच असतो. अहमदनगरच्या अनाम चित्रकाराने राणीला जी जागा दिली, ती तिच्या आकृतीपेक्षा अधिक टिकाऊ ठरली. ती जागा पाहता येण्यासाठी आकृतिबंधाचे शिक्षण लागते आणि तिचा अर्थ लावण्यासाठी इतिहासाचे.