निळा अगापँथस, शेंदरी क्लायव्हिया आणि वाढीचा वेग

दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत, पूर्व केप आणि क्वाझुलू-नाताळ या भागांत, दोन सदाहरित वनस्पती एकमेकींपासून फारशा दूर राहत नाहीत. अगापँथस उघड्या गवताळ उतारांवर आणि खडकाळ कड्यांवर उन्हात वाढतो. क्लायव्हिया किनारी जंगलाच्या सावलीत, मोठ्या झाडांखालच्या पाचोळ्यात मुळे पसरते. दोघांचीही पाने लांब पट्ट्यासारखी, गर्द हिरवी आणि बारमाही असतात. दोघांनाही दांड्याच्या टोकाला फुलांचा झुपका येतो, अगापँथसला निळा किंवा पांढरा आणि क्लायव्हियाला शेंदरी. वनस्पतिशास्त्र आज या दोघांना ज्या कुळात धरते, त्याच कुळात आपले कांदा आणि लसूणही आहेत. दोघेही युरोपच्या काचघरांत गेले आणि तिथून जगभरच्या बागांत पोहोचले. पुढची वाटचाल मात्र अगदी वेगळी झाली. अगापँथस रस्त्यांच्या कडांना आणि सार्वजनिक बागांत सर्रास दिसू लागला, काही देशांत तर तण ठरला. क्लायव्हिया हौशी लोकांच्या संग्रहातली मौल्यवान वस्तू राहिली आणि एका शहरात तर सट्ट्याचा माल झाली. याचे कारण सहसा फुलांच्या रूपात, ऊन-सावलीच्या गरजेत किंवा लोकांच्या आवडीत शोधले जाते. माझ्या मते ते वाढीच्या वेगात आहे. किती वर्षांनी फूल येते, किती बी धरते आणि एका रोपाची किती रोपे होतात, यावरूनच या दोघांचा इतिहास घडला आहे.

अगापँथस आधी बाहेर पडला. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणे वसवले आणि जहाजांना ताजा भाजीपाला मिळावा म्हणून तिथे बाग लावली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात केपची फुलझाडे हॉलंडच्या बागांत येऊ लागली, त्यांत अगापँथस होता. इंग्लंडमध्ये राणी मेरीच्या हॅम्प्टन कोर्टच्या संग्रहात १६९२ मध्ये तो फुलल्याचे सांगतात. लिनियसने १७५३ मध्ये त्याला क्रायनम या प्रजातीत घातले आणि शतक सरत असताना फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने त्याची स्वतंत्र प्रजाती केली. आरंभी तो दुर्मीळ होता, राजघराण्यांच्या कुंड्यांत राहायचा आणि थंडीत काचघरात हलवावा लागायचा. या काळातला अगापँथस आणि पुढच्या काळातली क्लायव्हिया यांच्या मानमरातबात फारसा फरक नव्हता, आणि माझ्या प्रतिपादनावरचा पहिला आक्षेप इथेच उभा राहतो: अगापँथसही एके काळी श्रीमंतांचाच होता, मग वेगाचा संबंध काय? याचे उत्तर त्यानंतरच्या काळात मिळते. केपच्या हिवाळी पावसात वाढणारी आफ्रिकानस जात बागेत सांभाळायला कठीण असते. पूर्वेकडची उन्हाळी पावसाची प्रीकॉक्स जात मात्र रुजली की थांबत नाही. तिचा ठोंब फोडला की हाताशी कितीतरी रोपे येतात, बी पेरले तर दोन-तीन वर्षांत फूल दिसते आणि एका दांड्यावरच्या बोंडांत शेकडो बिया असतात. अशा वनस्पतीची दुर्मीळता फार दिवस टिकत नाही. आज बागांत 'आफ्रिकानस' या नावाने विकली जाणारी रोपे बहुतेक वेळा प्रीकॉक्सचीच असतात. नाव पहिल्या जातीचे राहिले, बाग दुसरीने भरली.

क्लायव्हियाची गोष्ट शतकाहून अधिक काळाने सुरू होते. विल्यम बर्चेल या प्रवाशाला ती १८१० च्या दशकात पूर्व केपमध्ये सापडली, आणि १८२० च्या दशकात क्यू बागेसाठी काम करणाऱ्या जेम्स बॉवीने तिची रोपे इंग्लंडला पाठवली. ऑक्टोबर १८२८ मध्ये जॉन लिंडली आणि विल्यम हूकर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे वर्णन वेगवेगळ्या नावांनी प्रसिद्ध केले. टिकले लिंडलीचे नाव. नॉर्थम्बरलंडची डचेस शार्लट फ्लोरेंशिया क्लाइव्ह हिच्या सायन हाउसमध्ये तिला फुले आली होती, म्हणून हे नाव. ही डचेस रॉबर्ट क्लाइव्हची नात. मराठी वाचकाला हे आडनाव केवळ प्लासीमुळे माहीत नाही: फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग जिंकणाऱ्या मोहिमेत हाच क्लाइव्ह होता. वडील मद्रासचे गव्हर्नर असताना शार्लट लहानपणी तिथेच राहिली होती. साम्राज्याच्या कमाईवर उभ्या राहिलेल्या घराण्याचे नाव आफ्रिकेच्या जंगलातल्या रोपाला मिळाले, आणि वनस्पतिशास्त्राचा त्या काळचा इतिहास अशा नावांनी भरलेला आहे.

लिंडलीने वर्णिलेली ती जात नोबिलिस. तिची फुले लोंबती आणि नळीसारखी असतात, आणि बीपासून फूल यायला तिला फार वर्षे लागतात. १८५० च्या दशकात नाताळमधून मिनिएटा ही जात आली. तिची फुले वर तोंड केलेली, मोठी आणि उघडी असतात. नोबिलिसच्या मानाने ती लवकर, म्हणजे साधारण तीन ते पाच वर्षांत, फुलते. पुढच्या काही दशकांत बेल्जियम आणि जर्मनीच्या बागवानांनी संकर केले ते मुख्यतः मिनिएटा घेऊनच, आणि नोबिलिस संग्रहाच्या कोपऱ्यात गेली. मला हा या विषयातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. फुलाच्या देखणेपणाने मिनिएटाला मदत केली हे खरे, पण बागवानाला आपल्या हयातीत अनेक पिढ्या पाहता येतील अशी ती होती, म्हणून ती पुढे गेली. एकाच प्रजातीतही निवड केली ती वाढीच्या वेगानेच.

अगापँथसच्या तुलनेत मात्र मिनिएटाही संथच. तिच्या फळाला पिकायला नऊ महिने ते वर्ष लागते, फळात थोड्याच मोठ्या बिया असतात आणि त्या वाळवून साठवता येत नाहीत. पिवळ्या फुलांच्या झाडाची बी पेरली तरी परागकण कुठून आला यावर रंग ठरतो, आणि फूल प्रत्यक्ष पाहायला पुन्हा वर्षे जातात. अशा मालाचा पुरवठा मागणी वाढली तरी लवकर वाढत नाही. याचा परिणाम चीनच्या ईशान्येकडील चांगचुन शहरात दिसला. जपानच्या अमलातल्या मांचुकुओ राज्याची ती राजधानी होती. तिथला नामधारी सम्राट पुयी याच्या महालात क्लायव्हिया जपानी लोकांनी आणली, असे सांगितले जाते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या शहरात तिच्या निवडक रोपांना कामगाराच्या अनेक वर्षांच्या पगाराएवढी किंमत येऊ लागली. सरकारने किमतींवर मर्यादा आणि कर घातले. तरीही १९८४ मध्ये शहराने तिला आपले नगरपुष्प केले, आणि १९८५ मध्ये बाजार कोसळला. तिथे रोपांचे मोल फुलापेक्षा पानांवर, त्यांच्या रुंदीवर, शिरांवर आणि ठेवणीवर ठरत होते. त्यामुळे शेंदरी रंगाच्या मोहिनीने हा सट्टा पेटला असे म्हणता येत नाही. पैसे गुंतवणाऱ्याला खात्री हवी होती की शेजारी पुढच्या वर्षी असेच हजार ठोंब बाजारात आणणार नाही, आणि क्लायव्हियाच्या संथपणाने ती दिली. अगापँथसच्या बाबतीत ही खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आक्षेप घेणारा म्हणेल की सावली हवी असल्यामुळेच क्लायव्हिया मागे राहिली. अगापँथस भर उन्हात आणि निकस जमिनीत तग धरतो, म्हणून नगरपालिकांनी तो निवडला. यात तथ्य आहे, पण यातून रोप कुठे लावायचे एवढेच ठरते. सावलीच्या जागा प्रत्येक शहरात भरपूर असतात. क्लायव्हिया तिथे दिसते, पण सहसा एका घराच्या कुंपणाआत आणि मोजक्या ठोंबांत. उलट अगापँथस कुंपणाबाहेर गेला. त्याच्या हलक्या, पंख असलेल्या काळ्या बिया वारा आणि पाणी वाहून नेतात. न्यूझीलंड, मदेरा, अझोर्स आणि ऑस्ट्रेलियाचा काही भाग इथे तो रानात शिरला आहे. ऑकलंड भागात तर त्याच्या विक्रीवर बंधने आली आणि बी न धरणारे वाण तयार करण्याकडे लक्ष गेले. ज्या गुणाने तो स्वस्त झाला त्याच गुणाने तो उपद्रवी झाला.

सर्वांत कठीण प्रश्न मूळ भूमीतला आहे. तिथे या दोन्ही वनस्पती केवळ फुलझाडे नव्हत्या. झोसा स्त्रिया गरोदरपणात अगापँथसची मुळे वापरत आल्या आहेत, आणि झुलू वैद्यकात क्लायव्हियाचे गड्डे बाळंतपणासाठी आणि तापावर वापरले जातात. म्हणजे प्रथा एकाच प्रकारची, आणि खणण्याची रीतही सारखीच. तरी दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतींच्या धोक्याच्या यादीत मिनिएटा आणि नोबिलिस असुरक्षित मानल्या आहेत, तर प्रीकॉक्सला तसा धोका दिसत नाही. इथे अधिवासाचा भागही मान्य केला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत नैसर्गिक जंगल एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि क्लायव्हियाला तेच लागते. पण अधिवास लहान असूनही जी वनस्पती तोडीनंतर झपाट्याने भरून येते ती तग धरते. पूर्ण वाढलेला गड्डा खणला की त्या जागी पुन्हा तसा व्हायला क्लायव्हियाला दीर्घ काळ लागतो, आणि दरबानच्या औषधी बाजाराची मागणी तेवढा वेळ थांबत नाही. दरबान महापालिकेने १९८० च्या दशकात सिल्व्हरग्लेन इथे औषधी वनस्पतींची रोपवाटिका सुरू केली ती अशाच प्रजातींसाठी. वैद्याला हवा असतो जुना, जाड गड्डा, आणि रोपवाटिकेतले रोप त्या आकाराला येईपर्यंत जंगलातला तयार गड्डा खणून आणणाऱ्याला स्वस्त पडतो. रोपवाटिका कितीही भरली तरी ही वर्षांची तफावत कुणीतरी सोसावी लागते, आणि सध्या ती जंगल सोसते आहे.