पाळक कोणाचा? : गिरगावच्या आंब्रोलीपासून मुंबईच्या आर्चबिशपपदापर्यंत

मंडळीचा, म्हणजे एका ठिकाणी उपासनेसाठी जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायाचा, पाळक कसा असावा या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील मुंबईत निराळीच धार होती. कारण मंडळी देशी, पाळक बहुधा परदेशी आणि त्याचा पगार देणारी संस्था समुद्रापलीकडची, अशी येथील रचना होती. त्याची विद्वत्ता आणि सदाचार गृहीतच होते. खरी कसोटी त्याने आपली जागा देशी माणसाला कधी दिली, ही होती.

सेवाभावात पहिली पिढी कमी नव्हती. 1813 मध्ये मुंबईत आलेला अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल 1826 मध्ये नाशिककडे पटकीच्या रोग्यांना औषधे वाटून परतत असताना त्याच रोगाने वाटेत मरण पावला. 1829 मध्ये आलेल्या स्कॉटिश जॉन विल्सन यांनी आधी कोकणात हर्णै येथे राहून मराठी शिकून घेतली आणि मगच मुंबईत काम मांडले. पुढे गिरगावातील आंब्रोली हे त्यांच्या मिशनचे ठिकाण झाले.

विल्सन यांच्या विद्यार्थ्यांपैकी धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाने 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाज खवळला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1843 मध्ये विल्सन धनजीभाईंना बरोबर घेऊन स्कॉटलंडला निघाले, आणि त्याच वर्षी तेथील चर्च दुभंगले. जमीनदाराने नेमलेला पाळक मंडळीला नको असेल, तर तो तिच्यावर लादता येईल काय, हा त्या वादाचा गाभा होता. नाही म्हणणाऱ्यांनी फ्री चर्च स्थापिले, आणि विल्सन त्यांच्या बाजूला गेले. याच फ्री चर्चने 1846 मध्ये धनजीभाईंना पाळकपदाची दीक्षा दिली. मंडळीच्या संमतीचे तत्त्व उच्चारणाऱ्यांनी देशी माणसाला हे पद द्यावे, यात सुसंगती होती. तरीही पैसा आणि अंतिम निर्णय पुढेही दीर्घकाळ मिशनच्याच हाती राहिले, हा त्या व्यवस्थेचा मोठा दोष मानला पाहिजे.

तो दोष अमेरिकन मिशनच्या चालकांनाही दिसत होता. त्यांच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे मत असे की, मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतःच सांभाळावा. ते हिंदुस्थानात आले असताना, 1854 मध्ये, अहमदनगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो देशी पाळकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून. याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

रोमन कॅथलिकांत हा प्रश्न अधिक उशिरा सुटला. दादरच्या पोर्तुगीज चर्चसारखे जुने धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्त्या, ज्या मुंबईत होते तेथे धर्मगुरूंवर अधिकार पोर्तुगालचा की रोमचा, यावरच पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. आणि पोर्तुगाल व रोम यांच्यातील 1928 च्या करारानुसार आर्चबिशपपद आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्तीकडे जावयाचे होते, त्यात भारतीयाला स्थान नव्हते. ब्रिटिश जेझुइट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी 1946 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप होताच कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबई सोडली. 1950 मध्ये रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर होऊन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.