धारचा ज्ञानदूत

धार आणि देवास ही नावे कानी पडली की मराठी माणसास पवारांची संस्थाने आठवतात. देवासला तर एकाच गावात थोरली व धाकटी अशा दोन पात्या स्वतंत्रपणे राज्य करीत. परंतु त्याच धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी जे घडले, त्याची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही मोठ्या शहरांत. आदिवासीबहुल धारमध्ये मात्र गावोगावच्या संगणकांना टेलिफोनच्या तारांनी जिल्हा पंचायतीशी जोडून ‘सूचनालये’ उघडण्यात आली. योजनेचे नाव ‘ज्ञानदूत’. सूचनालय चालविणारा ‘सूचक’ गावचाच शिकलेला तरुण. त्याची मिळकत गिऱ्हाइकाच्या शुल्कावर. मंडीतील भाव पाहावयास ५ रुपये, जमिनीच्या उताऱ्यास १५. रक्कम लहान नव्हे. पण तहसिलीच्या एका खेपेत मजुरी बुडे, त्यापुढे ती स्वस्तच म्हणावयाची! गाडी भरण्यापूर्वीच निरनिराळ्या मंड्यांतील भाव कळू लागला, तेव्हा दारच्या व्यापाऱ्याचा शब्द अखेरचा राहिला नाही. त्याच वर्षी योजनेस स्टॉकहोमचा पुरस्कार मिळाला.

पुढे मात्र वीज जाई, टेलिफोन मुका होई. तक्रार क्षणात कचेरीत पोहोचे, तिचा निकाल जुन्याच चालीने लागे. दोन-तीन वर्षांतच कित्येक सूचनालयांतील वर्दळ ओसरली. मध्य प्रदेशातच जून २००० मध्ये एका खाजगी कंपनीने सोयाबीनसाठी ‘ई-चौपाल’ काढले. तेथे भाव सांगणारा स्वतःच माल विकत घेणार होता.