धागा, पुठ्ठा आणि डेटा

डेटा सायन्समध्ये काम करणारी एकाच भाषेची माणसं आज मुद्दाम भेटीगाठी ठरवतात, तेव्हा ती नव्या काळाची सोय वाटते. सोलापूरचा इतिहास वेगळं सांगतो. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठांच्या शहरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला. 1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाल्यावर हातांची गरज आणखी वाढली. नवख्याला ओळख, उसनवारी आणि कसब मिळण्याची वाट तेलुगू बोलणाऱ्या जातभाईंकडूनच जात असे. या समाजाचं मार्कंडेयाचं मंदिर आणि नारळी पौर्णिमेचा रथोत्सव यांना म्हणूनच मी निव्वळ धार्मिक मानत नाही. शिवाय हे कसब डेटापासून दूरचं नाही. चादरीची नक्षी जकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांवर साठवलेली असते: छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. हॉलरिथ या संशोधकाच्या यंत्रांनी अमेरिकेची 1890 ची जनगणना मोजली, तीही छिद्रांच्या कार्डांवरूनच.

जातीच्या मेळ्यात परक्याला दार बंद असतं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गंभीर आहे. पण त्याचं उत्तरही याच शहराने दिलं. विडी वळणाऱ्या बायका धंद्याच्या नात्याने सहकारी संस्थेत एकत्र आल्या आणि कुंभारीजवळ कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये घरं ताब्यात मिळाली. म्हणून सोलापूरच्या डेटावाल्यांनी आपल्या बोलीत जरूर जमावं, पण प्रवेश कामावर ठरवावा, आडनावावर नव्हे.