एका गीतस्पर्धेची नोंद

संगीताचा इतिहास लिहिणाराची अडचण इतर इतिहासकारांहून निराळी असते. लढायांचीं आणि तहांचीं दप्तरें मागें राहतात. गाणें गाइलें गेलें कीं हवेंत विरतें. ध्वनिमुद्रणाच्या आणि दूरचित्रवाणीच्या युगांत ही अडचण उरली नसावी, असें आमच्या वाचकांस वाटेल. परंतु युरोपांतील राष्ट्रांच्या 'युरोव्हिजन' गीतस्पर्धेविषयीं 'विकिपीडिया' या मुक्त ज्ञानकोशांत नोंद लिहूं पाहणारांपुढें ती अजून उभी आहे. आणि तिच्यांतून त्यांनीं वाट कशी काढावी, हा प्रश्न आम्हांस खुद्द त्या स्पर्धेहून अधिक विचारणीय वाटतो.

महायुद्धानंतर, १९५० सालीं, पश्चिम युरोपांतील नभोवाणी-संस्थांनीं आपला एक संघ स्थापन केला. इटलींतील सान रेमो येथें १९५१ पासून चालू झालेल्या गीतमहोत्सवाचा कित्ता गिरवून या संघानें राष्ट्राराष्ट्रांत गीतस्पर्धा भरविण्याचें ठरविलें. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजीं स्वित्झर्लंडांतील लुगानो शहरीं, कुर्साल नाट्यगृहांत झाली. सात राष्ट्रें आलीं होतीं. प्रत्येकाचीं दोन, याप्रमाणें चौदा गाणीं म्हटलीं गेलीं. प्रत्येक राष्ट्राचे दोन परीक्षक असावे, त्यांनीं गुप्तपणें गुण द्यावे, आणि स्वदेशाच्या गाण्यासहि गुण देण्याची त्यांस मुभा असावी, असा नियम होता. लक्झेंबर्गचे परीक्षक येऊं शकले नाहींत, म्हणून त्यांच्या वांट्याचीं मतें स्विस परीक्षकांनींच दिलीं! शेवटीं विजेत्याचें तेवढें नांव पुकारण्यांत आलें. तें होतें स्वित्झर्लंडच्या लीस आसिया या गायिकेचें, आणि गीत होतें 'रफ्रें'. कोणास किती गुण पडले हें त्या रात्रीं सांगितलें गेलें नाहीं, आणि पुढेंहि कधीं प्रसिद्ध झालें नाहीं.

आतां या हकीकतीची नोंद कशी लिहावी? स्विस परीक्षकांच्या हातीं दुप्पट मतें आणि जिंकलें स्वित्झर्लंड, या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या कीं तिसरी गोष्ट वाचकाच्या मनांत आपोआप उभी राहते. 'घरच्या मतांवर घरचेंच गाणें जिंकलें' हें वाक्य लिहिण्याचा मोह अनावर होणें स्वाभाविक आहे. पण त्यास आधार कोणता? परीक्षकांनीं आपल्याच गाण्यास भरघोस गुण दिले असें दाखविणारा कागद नाहीं, आणि दिले नाहींत असें दाखविणाराहि नाहीं. एका कलावतीच्या आयुष्यांतील सर्वांत मोठ्या यशावर केवळ तर्कानें डाग लावावयाचा, किंवा तें यश निर्विवाद होतें म्हणून नियमांतील तें वैगुण्य गाळून टाकावयाचें, हे दोन्ही मार्ग आमच्या मतें सारखेच अप्रामाणिक होत. नियम सांगावा, लक्झेंबर्गची गैरहजेरी सांगावी, निकाल सांगावा, आणि गुणांचा रकाना कोरा ठेवावा. जर्मनीच्या वाल्टर आंद्रेआस श्वार्त्सचा क्रमांक दुसरा आला, अशी एक वदंता बरींच वर्षें फिरत आहे. तिच्यामागें अधिकृत असें कांहींच नाहीं, तेव्हां ती वदंता म्हणूनच सांगितली पाहिजे. कोष्टकांत दोनचा आंकडा घालून तिला पाट मांडून बसवूं नये.

चित्रफीत पाहून कांहीं उलगडा होईल, म्हणावें, तर तीहि संपूर्ण उपलब्ध नाहीं. विजयी गीत पुन्हां गाइलें गेलें, तेवढ्याचें चित्रण राहिलें आहे; बाकीच्या कार्यक्रमाचा बहुतेक आवाज मात्र ऐकावयास मिळतो.

१९६४ सालच्या कोपनहेगन येथील स्पर्धेचीहि अशीच गत आहे. तिची चित्रफीत १९७० नंतरच्या दशकांत आगींत जळाली, असें पुष्कळ दिवस सांगितलें जात होतें. पुढें डॅनिश नभोवाणीकडून निराळाच खुलासा आला: त्या रात्रीं मुद्रणयंत्र मोकळें नव्हतें, म्हणून फीत कधीं तयारच झाली नाहीं. आगीची गोष्ट रंगतदार आहे, आणि रंगतदार गोष्टी पुस्तकांतून पुस्तकांत सहज उतरतात. चांगल्या संपादकानें दोन्ही विधानें कोणाचीं आहेत तें सांगून शेजारीं शेजारीं द्यावीं.

१९६९ च्या माद्रिद येथील स्पर्धेंत तर आंकडे सर्व जाहीर होते, तरी संपादकाची सुटका नाहीं. स्पेन, ब्रिटन, नेदर्लंड्स आणि फ्रान्स या चौघांस प्रत्येकीं १८ मतें पडलीं, आणि बरोबरी झाल्यास काय करावें याचा नियमच नव्हता. चौघेहि विजेते ठरले. कोष्टकांत कोणाचें तरी नांव आधीं लिहावें लागतेंच, आणि ज्याचें नांव चौथें येईल त्याच्या देशबांधवांस तो अन्याय वाटल्यास नवल नाहीं. गाण्यांच्या मूळ अनुक्रमानें नांवें लावणें हा त्यांतल्या त्यांत निरुपद्रवी उपाय दिसतो.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तेव्हां मजकुराची हमी संपादकाच्या नांवांत होती. चूक निघाल्यास जाब कोणास विचारावा हें वाचकास ठाऊक होतें. १५ जानेवारी २००१ रोजीं निघालेल्या विकिपीडियांत लिहिणारा बहुधा टोपणनांवाआड असतो, आणि त्याचें वाक्य दुसरा कोणीहि बदलूं शकतो. म्हणून तेथें हमी व्यक्तीकडून निघून आधाराकडे गेली: प्रसिद्ध झालेला विश्वसनीय आधार दाखवा, स्वतःचें संशोधन येथें आणूं नका. प्रत्येक फेरफार पानाच्या इतिहासांत नोंदला जातो, आणि वाद चर्चेच्या निराळ्या पानावर चालतो. केतकरांच्या खोलींत झालेले वाद आपणांस कधींच वाचावयास मिळणार नाहींत. येथें ते उघड्यावर आहेत, ही सोय आम्हांस फार मोलाची वाटते.

या नियमाचा जाच मात्र कधीं कधीं विलक्षण होतो. लीस आसिया दीर्घायुषी झाली. २०१८ सालीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं ती वारली. एकाद्या संपादकानें तिला गांठून लुगानोच्या त्या रात्रीविषयीं विचारलें असतें, आणि तिनें मनमोकळेपणानें सांगितलेंहि असतें, तरी तें दुसरीकडे छापून आल्यावांचून नोंदींत घालतां आलें नसतें. हा निर्बंध कठोर आहे खरा. पण तो सैल केला, तर तिच्या तोंडचें खरें बोलणें आणि तिच्या नांवावर कोणीं रचलेलें बोलणें, यांतील भेद हजारों मैलांवरच्या वाचकानें कशावरून ओळखावा? परीक्षकांपैकीं कोणाची टिपणवही पुढेंमागें सांपडून छापली गेली, तर सत्तर वर्षें कोरे असलेले ते रकाने एका दिवसांत भरतां येतील.